एकोणीस कट गाठूनही कार्ड का जातं? गोल्फच्या मोसमाचा हिशेब, बॅग उचलणाऱ्याच्या बाजूने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या एकाच मोसमातले दोन खेळाडू. पहिला २७ स्पर्धा खेळला, १९ वेळा कट गाठला (म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतर बाद न होता पुढे खेळला), आणि वर्षअखेर ११८वा राहिल्यामुळे पूर्ण कार्ड, म्हणजे पुढच्या वर्षी खेळायचा हक्क, गमावून बसला. दुसरा २५ स्पर्धा खेळला, त्यातल्या १४ मध्ये शुक्रवारीच घरी गेला, पण एक विजेतेपद आणि एक दुसरा क्रमांक एवढ्यावर ऑगस्टच्या प्लेऑफला, म्हणजे मोसमअखेरच्या निवडक स्पर्धांना, पोचला. फेरीमागच्या फटक्यांची सरासरी (जितकी कमी तितकी बरी) पहिल्याचीच चांगली. प्रश्नकर्ते विचारतात: हा अन्याय नाही का? मग मोसम चांगला गेला की वाईट, हे ओळखायचं कशावरून? आणि समोर एवढा पैसा असताना मोठे खेळाडू मधले आठवडे सोडून कसे देतात?

मी एकोणीस वर्षं कॅडी म्हणून बॅग उचलली. गुडघ्याने नाही म्हटल्यावर आता दोन-तीन व्यावसायिक खेळाडूंचं वर्षाचं वेळापत्रक आखून देतो. त्यामुळे तिन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातलेच आहेत.

अन्यायाचं नंतर बघू. खरी अडचण अशी की तुम्ही मोसम वाचताय क्रिकेटच्या डोळ्यांनी. तिथे सरासरी बोलते. वर्षभर चाळीस-पंचेचाळीस धावा करणारा फलंदाज संघात टिकतो. गोल्फचा मोसम सरासरीवर उभाच नाही. तो वर्षातल्या दोन-तीन आठवड्यांवर उभा असतो आणि ते आठवडे कोणते, हे जानेवारीत कुणालाच माहीत नसतं. बाकीचे वीस-बावीस आठवडे त्या दोन-तीनांसाठी स्वतःला तयार ठेवण्यात जातात. खेळाडूला हे पटायला दोन-तीन वर्षं लागतात. कॅडीला आणखी थोडी जास्त, कारण आम्हाला आठवड्याचा पगार असतो.

गुणांपासून सुरुवात करतो. साध्या स्पर्धेत फेडएक्स कपचे, म्हणजे टूरच्या वर्षभराच्या क्रमवारीचे, गुण विजेत्याला ५००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला १९०, चौथ्याला १३५, पाचव्याला ११०, आणि दहाव्याला ७५. उतार बघा कसा आहे. चाळिसाव्या जागेपर्यंत येता येता हातात पंधरा-सोळा गुण उरतात. म्हणजे एका विजयाची बरोबरी करायला तीसहून जास्त वेळा चाळिसावं यावं लागेल. तेवढ्या स्पर्धा वर्षात खेळून होतच नाहीत. तुमच्या पहिल्या खेळाडूने १९ वेळा कट गाठला, पण बहुतेक वेळा तिसाव्या ते साठाव्या जागेत राहिला असणार. कट गाठणं म्हणजे शनिवार-रविवार खेळायची परवानगी. गुण त्याच्या पुढे सुरू होतात.

पैशाचा उतारही तसाच. विजेता एकूण रकमेच्या १८ टक्के नेतो, दुसरा १०.९, दहावा पावणेतीनच्या जरा खाली, आणि कट गाठून पासष्टावा आलेला पाव टक्क्यापेक्षाही कमी. ९० लाख डॉलरची स्पर्धा धरली तर पहिल्याला १६ लाख २० हजार आणि पासष्टाव्याला वीस हजारांच्या आसपास. त्यातून प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक आणि कॅडी. कॅडीची रूढ रीत अशी की आठवड्याचा ठरलेला पगार, वर खेळाडूच्या बक्षिसातला वाटा: साधारण ५ टक्के, पहिल्या दहात आला तर ७, जिंकला तर १०. तेव्हा या उताराशी आमचंही पोट बांधलेलं असतं. मी काही तटस्थ माणूस नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

हा उतार नुसता कागदावर कळत नाही, म्हणून एक पट दाखवतो, म्हणजे होलजवळच्या बारीक गवतावरून बॉल आत ढकलायचा फटका. रविवार, अठरावा होल, पाच फुटांचा पट, पारसाठी (म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांत संपवण्यासाठी). आत गेला तर आपला खेळाडू एकटा तिसरा: १९० गुण. एक फटका मागे तिघे जण आधीच खेळ संपवून बसलेत. पट चुकला की आपण त्यांच्याबरोबर, आणि बरोबरीत असलेल्यांना त्या सगळ्या जागांचे गुण समान वाटून मिळतात. तिसऱ्या ते सहाव्या जागेचे १९०, १३५, ११० आणि १०० मिळून ५३५. चौघांत वाटून प्रत्येकी १३३.७५. त्या पाच फुटांत ५६ गुण गेले. तुमच्या पहिल्या खेळाडूने चाळिसावं येऊन येऊन तेवढे कमवायचे तर साडेतीन आठवडे लागतील. अशा वेळी मी पटाच्या रेषेबद्दल एक शब्दही जास्त बोलत नसे. गणित माझ्या डोक्यात चालू असायचं, त्याच्या डोक्यात जाऊ नये एवढीच खबरदारी.

आता उलटी बाजू. व्यावसायिक गोल्फमध्ये माणसामाणसांतलं अंतर फार थोडं असतं आणि एकाच माणसाचं आठवड्या-आठवड्याचं अंतर फार मोठं. २०२४ मध्ये स्कॉटी शेफलर मैदानावरच्या सरासरी खेळाडूपेक्षा फेरीमागे जवळपास अडीच फटके चांगला होता. जगात पहिला असलेल्याची ही आघाडी, आणि ती अफाट मानली गेली. पन्नासावा आणि शंभरावा यांच्यात तर फेरीला साधारण अर्धाच फटका असतो. दुसरीकडे माझा स्वतःचा खेळाडू गुरुवारी ६७ आणि शुक्रवारी ७३ खेळायचा. तोच माणूस, तीच बॅग, तोच मी. मग अर्ध्या फटक्याने चांगला असलेला खेळाडू वर्षअखेर मागे पडला तर त्यात नवल ते काय? चार दिवस सगळं जुळून येणारे आठवडे वर्षात दोन-तीनच येतात. दुसऱ्या खेळाडूचे दोन्ही आठवडे मोठ्या उतारावर वरच्या टोकाला पडले. पहिल्याचे चांगले आठवडे बाराव्या-पंधराव्या जागेवर अडकले.

हे फक्त नशीब असतं तर मी वेळापत्रकं आखायचा धंदा केलाच नसता. दुसऱ्याची पद्धतही बघावी लागते. काही खेळाडू कट रेषेवर उभे असताना पाण्यापलीकडचा झेंडा (होलची खूण) सोडून ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, मध्यावर मारतात, काही सरळ झेंड्यावर. पहिल्या प्रकारचे कट जास्त गाठतात. दुसऱ्या प्रकारचे शुक्रवारी जास्त वेळा घरी जातात आणि वर्षात एखाद्या रविवारी हातात चषक घेऊन उभे असतात. कोणता बरोबर, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी ते सरसकट सांगणार नाही. बहात्तर जणांच्या मागे असताना आणि वर्षाचे तीनच आठवडे उरलेले असताना मध्यावर मारून काही मिळत नाही. पण नवीन खेळाडू, पहिलं वर्ष, सुरुवातीलाच गुण जमवून पुढच्या स्पर्धांत जागा मिळवायची आहे, तर त्याला चार कट ओळीने गाठू द्यावेत. आत्मविश्वास हा शब्द मला फारसा आवडत नाही, पण शनिवारी सकाळी दोघांच्याच गटात मोकळ्या मैदानावर चालणं माणसाला काहीतरी देतं खरं.

शुक्रवारची दुपार जवळून पाहिल्याशिवाय हे सगळं कोरडं वाटेल. साध्या स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. २०१८-१९ च्या मोसमापर्यंत ते ७० होते. मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांचे आकडे वेगळे: मास्टर्समध्ये ५०, यूएस ओपनला ६०, पीजीए चॅम्पियनशिप आणि द ओपनला ७०, सगळीकडे बरोबरीवाले धरून. दुपारच्या गटात असलात की शेवटचे तीन होल कट रेषा फळ्यावर हलताना दिसते. माझ्या एका खेळाडूला ती रेषा कळायलाच हवी असे, दुसऱ्याला सांगितली तर तो चिडायचा. तो फळ्याकडे पाठ करून टॉवेलने बॉल पुसत राहायचा, पुसून झालेला बॉलच. मग मी स्वतः बघून ठेवायचो आणि क्लब (फटक्याची काठी) निवडताना तेवढं ध्यानात घ्यायचो. एकदा सतराव्यावर वाऱ्याची दिशा विचारली तेव्हा मी सांगितली ती कट रेषेप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे नाही. मला एक क्लब कमी, म्हणजे थोडा आखूड फटका, हवा होता, म्हणून वारा पाठीमागून आहे म्हणालो. बॉल समोरच्या बंकरमध्ये, वाळूत. एका फटक्याने कट हुकला. विमानतळापर्यंत गाडीत आम्ही दोघंही बोललो नाही, आणि त्याने मला तो वारा पुन्हा कधी विचारला नाही. यातून मी एवढंच शिकलो की आकडे द्यायचे, हेतू द्यायचा नाही.

आता अन्यायाबद्दल. माझ्या मते ५०० आणि १६ यांच्यातला फरक अन्याय नाही. स्पर्धा जिंकणारा शोधायला भरवतात, चाळिसावा शोधायला नाही. पण त्याच्या वर जे बांधकाम झालंय, त्याचा उतार मला जास्त तीव्र वाटतो. २०२४ पासून 'सिग्नेचर' म्हणून आठ मोठ्या स्पर्धा आहेत, प्रत्येकी २ कोटी डॉलरच्या, सत्तर-ऐंशी जणांच्याच. त्यांतल्या बहुतेकींत कट नाही आणि विजेत्याला ५०० ऐवजी ७०० गुण. आत कोण? आदल्या वर्षीचे पहिले पन्नास, अलीकडच्या आठवड्यांत तळपलेले थोडे, आणि चालू वर्षात एखादी स्पर्धा जिंकलेले. तुमचा दुसरा खेळाडू तिथेच सुटला. त्याच्या एका विजयाने त्याला पुढच्या सिग्नेचर स्पर्धांचं दार उघडून दिलं, आणि बहुतेक दारांच्या आत शुक्रवारी कुणी घरी पाठवत नाही. शिवाय विजयाने त्याला पुढची दोन वर्षं कार्डाची हमी. पहिला मात्र त्या आठवड्यात एकतर घरी, नाहीतर दुसऱ्या एखाद्या छोट्या स्पर्धेत. म्हणजे त्या एका रविवारची किंमत ५०० गुणांपेक्षा खूप जास्त होती.

त्यात नियमही घट्ट झालेत. पूर्वी वर्षअखेर पहिल्या १२५ जणांचं कार्ड टिकायचं. २०२५ च्या अखेरीपासून ते १०० वर आणलं. १०१ ते १२५ ला अर्धवट दर्जा: जागा उरली तर बोलावणार. तुमचा ११८वा खेळाडू दोन वर्षं आधी ११८वा आला असता तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

मधले आठवडे सोडण्याचा प्रश्न यातच गुंतलेला आहे, पण इथे खालचा आणि वरचा अशा दोन वेगळ्या दुनिया आहेत.

वरचे लोक वर्ष मागून पुढे आखतात. पीजीए चॅम्पियनशिप २०१९ मध्ये मे महिन्यात गेल्यापासून चारही मेजर एप्रिल ते जुलै अशा लागोपाठच्या चार महिन्यांत येतात, त्याआधी मार्चमध्ये टूरची स्वतःची मोठी स्पर्धा, द प्लेयर्स. ज्याला मास्टर्ससाठी ताजं राहायचंय, तो मार्च-एप्रिलमध्ये ओळीने पाच आठवडे खेळत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रोरी मॅकिलरॉय प्लेऑफची पहिलीच स्पर्धा, मेम्फिसची, खेळला नाही. त्यावर आरडाओरडा झाला. पण तो तेव्हा गुणांत दुसरा होता. पहिले सत्तर मेम्फिसला, त्यातले पन्नास पुढे, आणि त्यातले तीस अटलांटात ईस्ट लेकला. दुसऱ्या क्रमांकावरून तो एका आठवड्यात पन्नासच्या बाहेर जाणार होता का? नाही. मग त्याने एक आठवडा विश्रांती विकत घेतली. त्याच्या जागी मीही तेच सांगितलं असतं.

खालच्या लोकांना ती चैन नाही, आणि नेमकी तिथेच चूक होते. मी स्वतः केली आहे. एका वर्षी आमचा खेळाडू १३० च्या आसपास होता (तेव्हा रेषा १२५ ला होती) आणि सात स्पर्धा उरल्या होत्या. मी म्हणालो, सातही खेळू. पहिल्या दोन ठीक गेल्या. तिसऱ्या-चौथ्याला कट हुकला. पाचव्या आठवड्यात त्याची सात नंबरची आयर्न (मध्यम अंतराचा क्लब), जी एरवी १७२ यार्ड जायची, १६६ ला पडू लागली. मी वाऱ्याला दोष दिला, मग हवेतल्या दमटपणाला, मग बॉलला. वर्ष संपल्यावर वही काढून बघितली तर प्रत्येक होलवर, प्रत्येक क्लबने, सहा-सात यार्ड कमी आणि डावीकडे. पाय थकले होते. सातांपैकी पाच कट हुकले आणि कार्डही गेलं. तेव्हापासून मी लागोपाठ चारच्या वर आठवडे आखत नाही, आणि ज्याची पाठ आधीच कुरकुरते त्याला तीनच. खेळाडू म्हणतो, 'पण एक आठवडा कमी म्हणजे एक संधी कमी.' मी त्याच्यासमोर ती वही ठेवतो.

कोणते आठवडे सोडायचे, हे आणखी अवघड. इथे गवत आणि मैदानाची ठेवण बघावी लागते. वर्षाच्या सुरुवातीच्या बहुतेक स्पर्धा पश्चिम किनाऱ्यावर. टोरी पाइन्स, पेबल बीच, रिव्हिएरा इथली ग्रीन्स पोआ अॅनुआ गवताची. सकाळी गुळगुळीत असतात. दुपारी ते गवत सारखं वाढत नाही, तुऱ्यांमुळे बॉल उड्या मारतो, आणि तीन फुटांचे पट हुकायला लागतात. तिथे दुपारची वेळ मिळाली की मी खेळाडूला आधीच सांगून ठेवायचो: आज चांगले मारलेले दोन पट बाहेर जाणार, मोजत बसू नकोस. मार्चमध्ये फ्लोरिडाला आलं की तिथल्या बर्म्युडा गवताचा कल ओळखावा लागतो. होलच्या कडेला वाकून बघा. ज्या बाजूची कड थोडी फाटल्यासारखी, करपल्यासारखी दिसते, त्या बाजूला गवत झुकलेलं असतं आणि बॉल तिकडे ओढला जातो. दक्षिणेत वाढलेले खेळाडू हे डोळे मिटून वाचतात आणि कॅलिफोर्नियात गोंधळतात.

लांबीचंही तसंच. टोरी पाइन्सचं साउथ मैदान ७,७०० यार्डांच्या वर; मास्टर्सनंतर लगेच येणारं हार्बर टाउन ७,२०० च्या आसपास, अरुंद, ग्रीन्स छोट्या. सरासरीपेक्षा पंधरा यार्ड कमी मारणाऱ्या माणसाला टोरीला न्यायचं आणि हार्बर टाउनला जागा मिळत असूनही घरी बसवायचं, असली वेळापत्रकं मी पाहिली आहेत. 'टोरी आपल्या आवडीचं मैदान आहे' म्हणून. समुद्र दिसतो तिथून, सुंदरच आहे, पण त्याला तिथे इतरांपेक्षा लांब पल्ल्याचा क्लब घेऊन ग्रीनवर यावं लागतं. अर्थात ही निवड ज्याला आत प्रवेश आहे त्याला. ११८व्याला विचारतंय कोण? त्याचा प्राधान्यक्रम खाली, म्हणून त्याला मिळेल तो आठवडा.

एव्हाना तुमचे दोन प्रश्न झाले असावेत. गुणांचा उतार वर फार तीव्र आहे, विजयाने पुढची दारं उघडतात, आणि आठवडे सोडणं ही वरच्यांची सोय असली तरी खालच्यांची गरज आहे. उरला तो मोसम चांगला की वाईट हे ओळखायचा. तिथे मी गुणतक्ता बाजूला ठेवतो.

मी पहिल्यांदा ग्रीनकडे मारलेले फटके बघतो. टूरचे शॉटलिंक आकडे आता सगळ्यांना उघडे आहेत. 'स्ट्रोक्स गेन्ड' म्हणजे सरासरी खेळाडूच्या तुलनेत कोणत्या प्रकारच्या फटक्यांत किती मिळवलं. पटिंग वर्षावर्षाला वर-खाली होतं. आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडूही जवळपास निम्मेच पट घालतात, तेव्हा वीस-बावीस पट या बाजूचे त्या बाजूला गेले की वर्षाचा रंग बदलतो. ग्रीनकडचे फटके मात्र टिकाऊ असतात. २०२२-२३ मध्ये शेफलर पटिंगमध्ये १६२वा होता आणि टी ते ग्रीन, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यापासून ग्रीनपर्यंत, सगळ्यात पुढे. त्याने दोनच स्पर्धा जिंकल्या, त्यातली एक द प्लेयर्स, आणि लोक म्हणाले की याला जिंकता येत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याने मॅलेट पटर (पट मारायचा रुंद डोक्याचा क्लब) हातात घेतला आणि पटिंग नुसतं सरासरीच्या जवळ आलं. २०२४ मध्ये टूरवर सात विजय, त्यात मास्टर्स, एकही कट हुकला नाही, वर पॅरिसचं ऑलिंपिक सुवर्ण. त्याचा वाईट वाटलेला मोसमच चांगला होता, नुसता पिकायचा राहिला होता.

दुसरं, चांगले आठवडे कुठे पडले ते. टॉमी फ्लीटवुडने २०२५ मध्ये ईस्ट लेकला पीजीए टूरवरचा पहिला विजय मिळवला तो १६४व्या स्पर्धेत. एवढी वर्षं न जिंकता तो कायम वरच्या गटात कसा राहिला? त्याचं सातत्य तिसऱ्या-पाचव्या जागांचं होतं, पस्तिसाव्याचं नव्हतं. सातत्य हा गुण आहेच, पण कुठल्या उंचीवरचं, हे बघायचं. कट गाठण्याच्या विक्रमाचा मान मी कमी करत नाही. टायगर वुड्सने १९९८ ते २००५ ओळीने १४२ कट गाठले, तसं पुन्हा कुणी करेल असं वाटत नाही. पण त्याच माणसाने २००० मध्ये २० स्पर्धांत ९ जिंकल्या, त्यात तीन मेजर. लोकांना दुसरा आकडा आठवतो, आणि बरोबर आठवतो.

तिसरं, एक चांगला आठवडा आला तेव्हा माणूस काय करतो. जे. जे. स्पॉनचं २०२५ बघा. मार्चमध्ये द प्लेयर्सला मॅकिलरॉयशी बरोबरी झाल्यावर जादा होलांत हरला. जूनमध्ये ओकमाँटला यूएस ओपनच्या शेवटच्या फेरीत पहिल्या सहा होलांत पाच बोगी, म्हणजे पारपेक्षा एकेक फटका जास्त. पावसाने खेळ थांबला, परत आला, आणि अठराव्यावर ६४ फुटांचा पट घालून जिंकला. सगळ्या मैदानात पारच्या खाली तो एकटाच. मेजर जिंकली म्हणजे पाच वर्षांची हमी. त्या सहा होलांनंतर त्याची त्या दिवसाची सरासरी काढली असती तर कुणी त्याच्यावर पैसे लावले नसते.

या तिन्ही कसोट्यांना तुमचे दोघे लावून बघा. दुसऱ्याचे ग्रीनकडचे फटके उणे असतील आणि विजयाच्या आठवड्यात सगळं पटिंगनेच केलं असेल, तर दोन वर्षांनी तो पुन्हा रेषेवर सापडेल. पहिल्याचे अधिक असतील, तर त्याचा मोसम वाईट नव्हता. त्याने कदाचित चुकीच्या मैदानांवर, दमलेल्या पायांनी, जरा जास्त सांभाळून खेळला असेल. युरोपात डीपी वर्ल्ड टूरवर खेळणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त तिथला मोसम आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरात सुरू होऊन पुढच्या नोव्हेंबरात दुबईला संपतो आणि तिथले वरचे दहा जण (ज्यांच्याकडे आधीच कार्ड नाही असे) पीजीए टूरचं कार्ड घेऊन इकडे येतात. म्हणजे ११८व्याच्या पुढे रांगेत आणखी दहा.

त्याच्यासमोर आता काय आहे? डिसेंबरची क्यू-स्कूल, म्हणजे टूरची पात्रता स्पर्धा, पाचच कार्डांसाठी. कॉर्न फेरी टूर, म्हणजे खालची मालिका, जिथून वर्षाला वीस जण वर येतात. सोमवारच्या पात्रता फेऱ्या, जिथे मोठ्या गर्दीतून जास्तीत जास्त चार जागा. सोमवारची फेरी म्हणजे वेळ घालवणं असं म्हणणाऱ्यांना मी अर्जुन अटवालची आठवण देतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याचं कार्ड गेलेलं होतं. तो सोमवारी पात्र ठरून ग्रीन्सबरोच्या विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि रविवारी वीस अंडरने, म्हणजे पारपेक्षा वीस फटके कमी खेळून, जिंकला. पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय, आणि सोमवारच्या फेरीतून येऊन जिंकणारा १९८६ नंतरचा पहिला. हा अपवाद आहे, नियम नाही. पण त्या एका आठवड्याने त्याला दोन वर्षांचं कार्ड परत दिलं.

आणि चौथी वाट म्हणजे पर्यायी यादी. १०१ ते १२५ वाले तिथेच असतात. माझ्या बॅगेच्या दिवसांतलं चित्र असं: गुरुवारी पहाटे साडेसहाला आम्ही मैदानावर, पहिला पर्यायी खेळाडू आणि मी. पास असतो, खाणं असतं, सरावाची जागाही असते, फक्त वेळ नसते. कुणाची पाठ धरली, कुणाच्या मनगटात कळ आली, तर पाच मिनिटांत टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहायचं. म्हणून तो वीस बॉल मारून थांबतो, तासाभराने पुन्हा वीस, अंग थंड होऊ द्यायचं नाही आणि दमवायचंही नाही. मी यार्डेज वहीत (मैदानावरच्या अंतरांच्या वहीत) दहाव्या होलपासूनची पानंही वर काढून ठेवतो, कारण बोलावणं पहिल्या होलवरून येईल की दहाव्या, सांगता येत नाही. दुपारी दोनच्या सुमारास शेवटचा गट निघतो. अधिकारी आमच्याकडे बघून मान हलवतो. मग बॅगेतले बॉल मोजून पुन्हा खोक्यांत भरायचे, ओला टॉवेल पिळायचा, आणि पुढच्या सोमवारची फेरी कुठे आहे ते फोनवर बघायचं.